भाऊबिजेला धरमपुरी ते डही, नर्मदा डाव्या हाताला ठेवून

यंदा भाऊबिजेला सायकलने येतो, असं मी अक्काला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बस बंद झाली का रे बाळ्या?"

बस काही बंद झालेली नाही. आमच्या मध्य प्रदेशातल्या धारहून कुक्षी, कुक्षीहून डही, रोज गाड्या आहेत आणि इतकी वर्षं मी त्यातूनच जात आलोय. पण रिटायर झाल्यावर हौसेने गिअरची सायकल घेतली, ती आपली ओसरीत उभी. गल्लीतली मंडळी विचारायला लागली, "भिया, चलाते भी हो या सिर्फ पोंछते हो?" ते लागलं मला. ठरवलं, आदल्या दिवशी धारहून घाट उतरून धरमपुरीला मुक्काम करायचा आणि भाऊबिजेला पहाटे निघून नर्मदेच्या काठाकाठाने मनावर, कुक्षी ही गावं करत डही गाठायची. एकट्याने.

यात भानगड एकच होती. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, भाऊबिजेला मला ओवाळल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालत नाही. वय सत्तरीच्या पुढे, त्यात शुगर. गोळी मात्र सकाळी न चुकता घेते, कारण गोळी म्हणजे काही अन्न नव्हे. भावोजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, डहीच्या शाळेत मास्तरकी केली, अख्ख्या गावाला शिस्त लावली, पण घरात त्यांचं काही चालत नाही. बसने मी जेवणाच्या आत पोचतो. "सायकलनेही दुपारपर्यंत येतो, बघच तू," असं मी बोलून बसलो.

आता ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी कामाचं आधी सांगतो. धरमपुरीला पहाटे पोहे-जिलबी गरम मिळते, पोटभर खाऊनही पन्नासाच्या आत भागतं. मनावरपर्यंत रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना कापूस, मिरची, मधूनच केळी. नदी सारखी दिसत नाही. झाडांच्या फटीतून दिसते, मग बराच वेळ नुसती आहे असं धरून चालावं लागतं. कापसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, त्यांच्या मागे गुपचूप राहावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पांढरी दाढी असेल तर भगव्या रंगाचं विंडचीटर घालू नये.

माझं भगवं होतं. सेलमध्ये तोच रंग उरला होता.

पहिल्याच गावात पारावरच्या म्हाताऱ्याने हात जोडून "नर्मदे हर" केलं. मीही केलं. आपल्याकडे कुणी नमस्कार केला तर आपण काय तोंड फिरवतो? पण तेवढ्यावर मी परिक्रमावासी ठरलो. चहा आला, चहामागून दिवाळीच्या पापड्या आल्या, सायकलच्या हँडलला कुणीतरी झेंडी बांधली. त्याच वेळी सांगायला हवं होतं की बाबांनो, मी बहिणीकडे चाललोय. पण पापड्या फार सुंदर होत्या. खोटं कशाला बोलू?

पुढच्या गावात खरी पंचाईत झाली. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवतात. म्हणजे आमच्या धार जिल्ह्याच्या उत्तर काठावर परिक्रमावासी पूर्वेकडे चालतात. मी निघालो होतो पश्चिमेला. चहाच्या टपरीवरचे चौघे उठून उभेच राहिले.

"बाबाजी, मैया आपके उल्टे हाथ पे है."

"हाँ, दिख रही है," मी म्हटलं.

"और देव भी अभी सोये हैं. ग्यारस के पहले कौन निकलता है?"

म्हणजे कार्तिकी एकादशीआधी, चातुर्मास संपायच्या आत निघालो, तेही उलटा. चौघांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला खरंच अपराधी वाटायला लागलं. मी स्पष्ट सांगितलं की मी परिक्रमेत नाही, साधा माणूस आहे. त्यावर त्यांच्यातला जाणता बाकीच्यांना म्हणाला, "जो असली होता है ना, वो यही बोलता है." आणि माझ्यासाठी कचोरी मागवली.

पुढे एका आश्रमात महाराजांनी खिचडी आणि शिरा वाढला. प्रसाद, नाही म्हणायची सोय नाही. तिथून निसटलो तर मनावरच्या पुढे मागचं चाक बसलं. पंप होता, जास्तीची ट्यूब घरी ओसरीत राहिली होती. तेवढ्यात एक पिकअप थांबली. आतली दोन दांडगी पोरं म्हणाली, "बैठो बाबाजी, पंचर बनवा देते हैं." सायकल मागे टाकली, मला पुढे बसवलं आणि गाडी वळवली. मला वाटलं दुकान मागे असेल. गाडी चालली ती चाललीच. मनावर गेलं, सकाळची केळीची शेतं गेली.

"अरे भाई, मुझे डही जाना है!"

"डही तो आपके पीछे छूट गई बाबाजी. सीधी परिक्रमा में अब धरमपुरी आएगी. आप भटक गए थे, हमने सही कर दिया."

इतक्या प्रेमाने मला कुणी कधी बुडवलं नव्हतं. गाडी थेट त्याच आश्रमाच्या दारात थांबली. महाराजांनी मला पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "मैया ने वापस भेज दिया," ते म्हणाले. एकीकडे माणूस बोलावून पंक्चर काढून घेतलं, दुसरीकडे माझ्यासाठी खोली झाडायला लावली. ग्यारशीला देव उठेपर्यंत मी तिथेच राहायचं, मग सरळ दिशेने निघायचं, असं परस्पर ठरलं. पानावर पुन्हा खिचडी आणि शिरा.

तेव्हा भावोजींचा फोन आला. "कुठे आहात? गोळी घेऊन बसलीय सकाळपासून. आता घाम येतोय, हात थरथरताहेत. साखर पुढे केली तर तोंड फिरवते. डॉक्टरांना आणलं तर त्यांनाच चहा पाजून परत पाठवलं. तुम्ही या हो लवकर."

हातातला घास तसाच राहिला. मी सकाळपासून पाचव्यांदा जेवत होतो आणि ती तिकडे माझ्यासाठी उपाशी होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. महाराजांना म्हटलं, जरा दिशेला जाऊन येतो. ते म्हणाले, जाओ. सायकल घेऊन कशाला, असं विचारायच्या आत मी रस्त्यावर होतो.

मग खाली मान घालून पायडल मारली. कुणी "नर्मदे हर" केलं की नुसतं डोकं हलवायचो. पण डही अजून लांब होती आणि ऊन कलायला लागलं होतं. कुक्षीच्या अलीकडे एका वस्तीपाशी रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी थाळी घेऊन उभी. मी बाजूने काढायला गेलो तर तिने हँडलच धरलं.

"बिना टीका कराए, बिना खाए नहीं जाने दूँगी."

"माँजी, छोड़ो," मी जवळजवळ ओरडलोच. "मैं कोई बाबा नहीं हूँ. मेरी बहन सुबह से भूखी बैठी है. मैं पहुँचूँगा, वो टीका करेगी, तब खाएगी. शुगर है उसको."

दिवसभरात हे वाक्य कुणाला पहिल्यांदाच नीट कळलं. म्हातारी, तिचं नाव गेंदाबाई, म्हणाली, "तो सुबह से क्या कर रहा था? फोन लगा."

फोन लावला. भावोजींनी तो अक्काच्या कानाशी धरला. गेंदाबाईंनी मला ओटल्यावर बसवलं.

"बेन, तेरा भाई मेरे ओटले पे बैठा है. मैं तेरे नाम का टीका कर रही हूँ. तू उधर निवाला तोड़."

अक्काचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण हट्ट कायम. "ऐसा नहीं चलता. ओवाळना पडता है."

"मेरा गाँव बाँध की डूब में गया तब से भाई गुजरात में है. नहीं आता. जो रास्ते से निकलता है उसको टीका करती हूँ, फिर खाती हूँ. आज कोई रुका ही नहीं, मैं भी सुबह से भूखी हूँ. तू खाएगी तो मैं खाऊँगी. नहीं तो दोनों बैठते हैं."

अक्का स्वतः उपाशी राहील, पण तिच्यापायी दुसरी बाई उपाशी, हे तिला सोसणारं नाही. गेंदाबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तांदूळ चिकटवले आणि माझ्या तोंडात लाडू घातला. थोड्या वेळाने फोनवर भावोजींचा आवाज आला, "घेतला हो घास." मला रडू आलं. तोंडात लाडू असताना रडणं फार अवघड असतं. गेंदाबाई शेजारी बसून भाकरी कुस्करत होत्या. जाताना पैसे ठेवायला गेलो तर त्यांनी फक्त अक्काचा नंबर मागितला.

कुक्षी ते डही चढउतार आहे, रस्ता अरुंद, दिवा चांगला हवा. मी अंधारात पोचलो. अक्का भिंतीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर रंग परत आला होता. तिने मला तरीही ओवाळलं, गेंदाबाईंचं कुंकू न पुसता त्याच्यावर आपलं लावलं, आणि पुढ्यात श्रीखंड-पुरीचं ताट ठेवलं. मी खाल्लं. कसं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या हुकमाने सायकल बसच्या टपावर आणि मी खिडकीशी, असे धारला परतलो. पायांचं दुखणं आठवड्यात गेलं. सायकल आता गावातल्या गावात चालवतो, विंडचीटर निळं घेतलंय.

परवा अक्काला फोन केला तर एंगेज. बऱ्याच वेळाने लागला. नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का?"

"जेवतेच आहे. गेंदाबाईंचा फोन होता. रोज विचारते, खाल्लंस का, मगच स्वतः खाते."

"मी पण विचारतोच की गं इतकी वर्षं."

"हो रे," अक्का म्हणाली, "पण तिच्याशी खोटं बोलता येत नाही."