फाट्यावर कुणी नव्हतं

गजर मी बंद केलाय हे मला कळतं, आणि डोळे पुन्हा मिटलेत हेही कळतं. बाहेर उजाडायला लागलंय, भुरभुर पाऊस आहे. सातला अभिनंदन चौगुले मोटारसायकल क्लबची सगळी पलटण घेऊन दारात येणार. आज माझ्या नवऱ्याची, उदयची स्मृती-सफर आहे. उशाशी बुलेटची किल्ली आणि पिवळं फडकं काढून ठेवलंय, कारण काल अभिनंदनने फोनवर तेवढंच मागितलं. वहिनी, उदयची गाडी मी स्वतः सगळ्यांच्या पुढे चालवणार, फडकं हँडलला बांधणार, तुम्ही फक्त झेंडा दाखवायचा, असं म्हणाला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते या गावात कुणालाच ऐकायचं नाही.

वर पंखा फिरतोय. त्याची तीन पाती फार सावकाश फिरतायत. छत हळूहळू वर जातं, आणखी वर जातं, आणि पात्यांखाली एक लांबलचक पांढरा खांब उभा राहतो. पवनचक्की आहे ती. मी गादीवरच आहे, पण हाताला ओलं गवत लागतंय.

"वैजू, उठतीस का?" उदय म्हणतो. "सगळी गेली पुढं."

तो मोरीपाशी उभा आहे. अंगात जॅकेट, हाताला चेनचं काळं ग्रीस, आणि ते तो माझ्या भांड्याच्या पावडरने धुतोय. यावरून आमची दर रविवारी जुंपायची. तो गेलाय हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत असावं, पण विषय कुणीच काढत नाही. मी आपली पावडरचा डबा उचलून वर ठेवते.

मागचं दार उघडलं की आमच्याकडे तुळस आणि धुण्याचा दगड आहे. आज तिथून थेट ठोसेघरचा रस्ता सुरू होतो. मी त्याच्या मागे बसते. दोन्ही बाजूंना तेरडा फुललाय, खाली कुठेतरी उरमोडी धरणाचं पाणी चमकतंय, आणि पुढे वळणावळणावर आमच्या क्लबच्या गाड्यांचे लाल दिवे दिसतायत. मग ते दिसेनासे होतात. उदय कायम शेवटी असायचा. तोच क्लबचा शेपूट. दंडाला पिवळं फडकं बांधलेला माणूस म्हणजे शेपूट, ही आमच्यातली रीत. जिथे वळायचं असेल त्या प्रत्येक फाट्यावर पुढचा माणूस एकाला उभं करतो. त्याने हात करून रस्ता दाखवायचा आणि पिवळं फडकं समोरून गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि ज्या फाट्यावर कुणीच उभं नाही, तिथे सरळ जायचं. हा नियम अभिनंदननेच केला होता. दर सफरीआधी चहा पिता पिता तो सगळ्यांना समजावून सांगायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

घरात चारचौघांत मी उदयला अहो म्हणायची. गाडीवर बसलं की अरे. आताही तोंडातून अरेच येतं.

"अरे, सावकाश. धुकं आहे."

"सावकाशच चाललोय की. काकांची चेन बसवली, त्यात वेळ गेला."

हे मला ठाऊक आहे. देशिंगकर काकांनीच सांगितलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने गाडी घेतली होती आणि ती त्यांची पहिलीच सफर होती. पठारावर चढताना त्यांची चेन निसटली. बाकीचे निघून गेले, उदय थांबला, चेन बसवली, काकांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी हात पुसून आलोच. काकांच्या अंगात पिवळा रेनकोट होता. फाट्यावर अभिनंदन उभा होता. धुक्यातून पिवळं आलेलं त्याला दिसलं, त्याने हात केला आणि शेपूट गेला असं समजून काकांच्या मागोमाग तोही निघाला. पुढे ड्रोनवाला खोळंबला होता, ग्रुप फोटो घ्यायचा होता. तेराव्याला काका माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले. त्यानंतर क्लबच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सांगायचा प्रयत्न केला, तर अभिनंदन म्हणाला, काका, वयानुसार होतं असं, तुमचा गोंधळ झालाय, फाट्यावर त्या दिवशी कुणी उभंच राहणार नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. धुक्याने घेतलं त्याला, असं ठरलं. धुकं काही उलट बोलत नाही.

फाटा येतो. डावीकडचा डांबरी रस्ता गावाकडे उतरतो. सरळ जाणारा मुरमाचा, पवनचक्क्यांचं सामान नेण्यापुरता केलेला, तो शेवटच्या खांबापाशी संपतो आणि त्यापुढे दरी आहे. फाट्यावर कुणी नाही. उदय गाडी थांबवत नाही.

"थांब," मी म्हणते. "थांबायचंस ना जरा. विचारायचंस कुणाला तरी."

"शेवटच्यानं थांबून कुणाची वाट बघायची, वैजू?"

मला त्याचाच राग येतो. मी त्याच्या पाठीवर मूठ मारते. दुसऱ्यांच्या चेनी बसवायला कुणी सांगितलं होतं तुला, मी म्हणते, पंगतीत शेवटी, लग्नात शेवटी, फोटोत शेवटी, आणि मरताना तेवढा पहिला नंबर. तो हसतो. माझं बोलणं तो नेहमी असंच हसण्यावारी न्यायचा, आणि मेल्यावरही त्याची खोड गेलेली नाही.

मुरूम चाकाखाली करकरतो आणि आम्ही मिसळीच्या टपरीत आहोत. सगळा क्लब बाकांवर बसलाय, पण कुणी हलत नाही, कारण सगळे फ्लेक्सवरचे आहेत. आमच्या चौकात लावलाय तोच हा फ्लेक्स. त्याच्यावर छापलेला ग्रुप फोटो त्याच सकाळचा, त्याच ड्रोनने काढलेला. मधोमध अभिनंदन, गॉगल लावून. उदय त्या फोटोत असणं शक्यच नव्हतं, तो तेव्हा दरीत होता. म्हणून त्यांनी त्याला कोपऱ्यात चिकटवलाय. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आमचा शेपूट, आमची शान. मागच्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं, त्याला यांच्यातलं काळं कुत्रं फिरकलं नाही.

उदय वाकून स्वतःकडे बघतो. "हा फेटा तर आपल्या दादाच्या लग्नातला."

"दुसरा फोटो मिळाला नाही त्यांना. तू कधी कुणाच्या फोटोत असायचास?"

त्याला मिसळ हवी असते. मी वाढायला जाते तर पातेल्यात पाऊस साठलाय. वळून बघते तो टपरी नाही, आम्ही पुन्हा गाडीवर आहोत, पुन्हा तेरडा, पुन्हा धुकं, आणि पुढे फाटा.

"परत तेच," उदय म्हणतो. आता तो हसत नाही. "रोज इथंच येतो मी. रोज बघतो, कुणी उभं आहे का. कुणी नसतं. मग सरळच जायचं ना? नियम आहे."

"खड्ड्यात गेला नियम."

"तसं नाही म्हणायचं. नियम बरोबर होता."

मला रडू फुटतं. सगळं वर्ष मी लोकांसमोर दातांखाली ओठ दाबून काढलं, आणि हा अजून त्यांचा नियम पाळतोय. मी त्याला विचारते, अभिनंदन किल्ली मागतोय, देऊ का. माझं मन म्हणतंय की तो नको म्हणेल, निदान एकदा तरी चिडेल. तो चिडत नाही. गाडी उभी करतो, दंडाचं फडकं सोडतो आणि माझ्या डाव्या दंडाला गुंडाळतो. एक टोक हातात धरतो, दुसरं दातात धरून ओढतो. शेपटाच्या मागे कुणी नसतं, गाठ मारून द्यायला कोण येणार, म्हणून ही गाठ दातानेच मारायची सवय त्याला होती.

"घट्ट झालं," मी म्हणते.

"सुटायला नको," तो म्हणतो. "वैजू, एकदा कुणाला तरी उभं कर इथं. मला डावीकडं जायचंय."

खाली हॉर्न वाजतायत. पंखा नेहमीच्या वेगाने फिरतोय. उशीपाशी किल्ली आहे, फडकं नाही. ते माझ्या डाव्या दंडाला आहे, रक्त अडेल इतकं घट्ट, आणि गाठीचं एक टोक ओलं आहे. त्यावर दातांच्या खुणा आहेत. मी ती गाठ सोडत नाही. साडीऐवजी सलवार-कुडता घालते, वर त्याचं जॅकेट चढवते, फडकं दिसेल इतकी डावी बाही वर दुमडते आणि खाली उतरते.

अंगणात पंचवीस-तीस गाड्या आहेत. कुणीतरी माझ्या हातात हिरवा झेंडा देतं, मी तो तुळशीच्या कट्ट्यावर ठेवते. अभिनंदन गॉगल डोक्यावर सरकवून पुढे येतो आणि हात पसरतो.

"किल्ली, वहिनी."

दरीतून काढून दुरुस्त केलेल्या बुलेटवर मी बसते आणि किल्ली लावते. उदयनेच शिकवली होती गाडी, कोरेगावच्या रस्त्यावर.

"मी चालवणार, भाऊ," मी म्हणते. "सगळ्यांच्या मागे. तुम्ही पुढे जायचं आणि पठारावरच्या फाट्यावर उभं राहायचं. गेल्या वर्षी होतात त्याच जागी, डावीकडे हात करून. पिवळं गेल्याशिवाय हलायचं नाही."

अभिनंदन देशिंगकर काकांकडे बघतो. काका या खेपेला मान खाली घालत नाहीत. अभिनंदनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला सगळ्यांना दिसतो.

"आणि मला वेळ लागेल," मी म्हणते. "मी फार सावकाश चालवते."