टेपचं खालचं टोक

माझ्या सासऱ्यांना गल्लीत 'फूटपट्टी' म्हणतात. ते घरांची छपरं मोजतात. आढ्यावर, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या आडव्या लाकडावर, बसायचं, टेप खाली सोडायची, उतार मोजायचा, लांबीने गुणायचं, दोन्ही बाजू धरायच्या आणि पत्रा किती लागेल ते सांगायचं. टेपचं खालचं टोक शिडीवर उभ्या राहून सासूबाई धरायच्या. त्याबद्दल सासऱ्यांनी त्यांचं कधी कौतुक केल्याचं कुणाला आठवत नाही.

सासरे नाकावर माशी बसू देत नाहीत. "माझ्या मापाच्या छपराखाली भिजलेली भिंत दाखवा," असं ते लोकांच्या लग्नातसुद्धा म्हणतात. कुणाला दाखवता यायची नाही, हे मलाही मान्य करावं लागतं.

मग आमचं घर बांधायला निघालं. वासे चढले. माप घ्यायच्या दिवशी सकाळी चहा पिताना सासूबाई सहज म्हणाल्या, "मोजतो आपण दोघं, आणि नाव तुमच्या एकट्याचं."

"तू काय करतेस? टोक धरतेस. खिळाही धरेल तेवढं."

सासूबाईंनी कप विसळला, पिशवी भरली आणि बहिणीकडे निघून गेल्या. आवाज कुणाचाच चढला नाही.

माणसाने इथे थांबायचं असतं. पण हे पडले फूटपट्टी. त्यांनी वाशाच्या टोकावर खरोखर खिळा ठोकला, त्याला टेप अडकवली आणि वर जाऊन माप घेतलं.

"बघितलंत, जावईबापू? हूं नाही की चूं नाही," ते खिळ्याबद्दल म्हणाले.

पत्रे बसले. पाऊस झाला. स्वयंपाकघराची भिंत वरपासून खालपर्यंत भिजली. मला मनापासून राग आला, कारण रंग मी स्वतः दिला होता. पत्रा वाशाच्या टोकाशी अगदी बरोबर संपत होता आणि पाणी वाशावरून उलटं आत येत होतं.

सासऱ्यांनी पुन्हा मोजलं. बरोबर. गुणाकार तपासला. बरोबर. मग ते शेजारच्या घरासमोर जाऊन उभे राहिले. ते छप्परही त्यांनीच मोजलं होतं. तिथे पत्रा वाशाच्या वीतभर पुढे आला होता. पलीकडच्या घरीही तेच. सासूबाई टेपचं टोक वाशावर नव्हे, वीतभर पुढे हवेत धरायच्या, म्हणजे पाणी भिंतीपासून लांब पडेल. आढ्यावर बसलेल्या माणसाला त्यांचा हात दिसायचा नाही.

"बोलली नाही कधी," सासरे म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं का, बाबा?" माझी बायको म्हणाली.

संध्याकाळी ते बहिणीच्या घरी गेले. मला धीराला नेलं होतं, हे ते आजही कबूल करत नाहीत. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"खिळा कसा आहे?"

सासरे उभेच होते. "चुकत नाही तो. भिंत भिजली."

"मग आता वीत मिळवून धरा. त्याला मी कशाला हवी?"

"वीत धरीन. ते जमेल मला." ते सासूबाईंसमोर खाली बसले. "तू नसलीस की घरात करमत नाही. आढ्यावरही नाही."

सासूबाईंनी भाजी बाजूला ठेवली. "जावयासमोर बोलायची गोष्ट आहे का ही?" म्हणत त्या आत गेल्या आणि लगेच पिशवी घेऊन बाहेर आल्या. ती भरून ठेवलेलीच होती.