कॅलेंडरवरचं ऊन

शिक्रापूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथल्या माझ्या खोलीला खिडकी नाही. स्टँडर्ड रूम म्हणतात तिला. मशीनवर घडवलेल्या सुट्या भागाला आम्ही जॉब म्हणतो; नमुन्याचा प्रत्येक जॉब तिथं मोजला जातो, आणि लोखंड उन्हानं वाढतं, गारठ्यानं आखडतं, म्हणून त्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान ठेवतात. बाहेर मे महिना डांबर वितळवत असो की डिसेंबरात ट्रकवाले शेकोटीला बसलेले असोत, मी आत स्वेटर घालून बसलेली. जॉब आत आणला की लगेच मोजायचा नाही, असा आमचा नियम आहे. चार तास ट्रेवर ठेवायचा, अंगातली बाहेरची ऊब जाऊ द्यायची, मग हात लावायचा. नवीन मुलं घाई करतात आणि माप चुकवतात. मी त्यांच्यावर ओरडते. ओरडण्यात मी पटाईत आहे, हे आमच्या पाळीतलं कुणीही सांगेल.

एवढं रोज डोळ्यांपुढं असून मी गोष्टी लिहायला बसले की हवापाणी विसरायचे. सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या खोलीत, दार लावून लिहायचे. माझ्या गोष्टीतली माणसं बोलायची, भांडायची, रडायची, पण सगळं जणू त्या वीस अंशांत. दोन-तीन गोष्टी परत आल्यावर एका मासिकाच्या संपादकबाईंनी फोन केला. त्या म्हणाल्या, "तुमची माणसं खरी आहेत. पण ती कुठल्या महिन्यात राहतात, तेच कळत नाही."

मला राग आला. राग आला की माझं काम मात्र चांगलं होतं, म्हणून मी ठरवलं की आता अशी गोष्ट लिहीन की वाचणाऱ्याचे कपडे भिजले पाहिजेत. आणि लिहिली ती आईच्या मृत्यूची गोष्ट. चार वर्षं ती माझ्या पोटात होती. आई वारली तेव्हा मी त्या वीस अंशांच्या खोलीत होते, मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये होता, निरोप उशिरा मिळाला. घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि आई आतल्या खोलीत होती. त्या खोलीलाही खिडकी नाही. आजारपणातले सात महिने तिनं तिथं काढले आणि शेवटचा श्वासही त्या अंधारात घेतला, हे मला सगळ्यात जास्त खुपत होतं. मरणापेक्षा ती खोली खुपत होती.

म्हणून गोष्टीत मी आभाळ फाडलं. अवकाळी पाऊस, विजा, लाईट गेलेली, आतल्या खोलीत आई, तिच्या उशाशी बसून रडणारा नवरा. संपादकबाईंना आवडली. त्यांनी सांगितलं, एकदा हात फिरवा आणि दहा दिवसांत पाठवा. मी लगेच पाठवू शकले असते. पण गोष्ट आईची होती, आणि आईवर माझ्याआधी आबांचा हक्क होता. माझ्या वडिलांनी 'व्हय' म्हटल्याशिवाय ती छापायची नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी पाळी सुटल्यावर मी न्हावऱ्याकडून जाणारी एसटी पकडली. वाटेत इनामगाव लागतं. हजारो वर्षांपूर्वी तिथं नदीकाठी राहिलेल्या माणसांची घरं खणून काढली आहेत, चुलीसुद्धा सापडल्या. तिथून जाताना दरवेळी माझ्या मनात काहीतरी येतंच. त्या दिवशी आलं की चूल सापडली, राख सापडली, पण ती चूल शेवटची पेटली त्या सकाळी ऊन होतं की धुकं, ते काही कुणाला सापडलं नसेल.

गावी मांडवगणात पोचले, जेवणं झाली, आणि मी आबांना गोष्ट वाचून दाखवली. आबा नीट ऐकतात. तंबाखू मळायचीसुद्धा थांबवतात. मी वाचत गेले. वीज कडाडली, पत्र्यावर थेंब वाजले, नवरा उशाशी रडला. वाचून संपलं आणि मी त्यांच्याकडे बघितलं.

"मंग कांदं?" आबा म्हणाले.

"कसले कांदे?"

"कसलं म्हंजी? मार्चात गेली ना ती? कांदा काढून रानात पडल्याला. वरनं पाऊस आला म्हणतीस, आन् त्यो गडी उशाशी बसून रडतोय? अगं, मयत झालं तरी एक जण ताडपत्री घिऊन पळतोच. ह्यो कसला शेतकरी?"

मला हसू आलं, चीडही आली. म्हटलं, "आबा, गोष्ट आहे ती. मनात वादळ आहे ते दाखवायला बाहेर वादळ घेतलंय."

आबा उठले. दाराशी थांबून म्हणाले, "त्या दिशी आभाळाचा ठिपकाबी नव्हता. ही दुसऱ्या कुणाची तरी आई हाय, बाई." आणि गोठ्याकडे निघून गेले.

म्हशींना वैरण टाकायला एवढा वेळ लागत नाही. ते आले ते न बोलता अंथरुणावर पडले. मी चांगलीच घाबरले. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी माणूस, पण आबांना दुखवलं या विचारानं मी गोष्टीचे कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिले. काय चुकलं तेही उमगत नव्हतं. पाऊस नव्हता, एवढ्यावरून माणूस असा तुटेल का?

सकाळी आबा रानात गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. आईच्या बाजेसमोरच्या खिळ्याला आमच्याकडे कॅलेंडरं अडकवतात. वर्ष संपलं तरी जुनं काढत नाहीत, त्याच्यावरच नवं चढवतात. मी चार वर्षं खाली गेले. त्या वर्षीच्या कॅलेंडरवर प्रत्येक चौकोनात आबांच्या अक्षरात पेन्सिलीनं एक-दोन शब्द होते. 'आभाळ.' 'वारं लई.' 'धुई.' 'ऊन.' 'धुई, उशिरा ऊन.' हे मी पूर्वीही पाहिलं होतं आणि कांद्यासाठी लिहिलं असेल असं समजले होते. धुकं पडलं की कांद्याची पात करपते, तेव्हा शेतकरी धुईची नोंद ठेवणारच.

मार्च उघडला. आई गेली त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं होतं, 'ऊन चांगलं'.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायको मेली त्या दिवशी या माणसानं 'ऊन चांगलं' लिहिलं! तशीच अनवाणी रानात निघाले. पण दारापर्यंत गेले आणि परत फिरले, कारण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. पुन्हा कॅलेंडर पाहिलं. त्या तारखेच्या पुढचे सगळे चौकोन कोरे होते. एप्रिल कोरा. मे कोरा. डिसेंबरपर्यंत एक अक्षर नाही. दहाव्यालाच तर खरोखर अवकाळी आला होता, सगळी भावकी रानात पळाली होती, मीही ताडपत्रीचं टोक धरलं होतं. तेही कुठं लिहिलेलं नव्हतं.

आबा कांद्याच्या वाफ्यात उभे होते. मी विचारलं, "पुढचं का नाही लिहिलंत?"

कशाबद्दल विचारते आहे ते त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "कुनाला दावायचं?"

मग बांधावर बसून त्यांनी सांगितलं. दिवस उगवताच आबा रानात जायचे आणि गोळ्यांच्या गुंगीनं आईला उशिरा जाग यायची. जागी झाली की तिचा पहिला प्रश्न, बाहेर कसं हाय? सांगायला घरात कुणी नसायचं. म्हणून आबा जाण्याआधी आभाळाकडे बघून दिवस कसा जाईल ते कॅलेंडरवर लिहून जायचे. आई चौथी शिकलेली, ती उठल्यावर वाचायची. सात महिने तिनं बाहेरचं जग त्या चौकोनांतून पाहिलं.

"त्या दिशी नवाच्या सुमाराला भाकरी खायला आलो," आबा म्हणाले. "तर मला म्हणती, ऊन चांगलं हाय असं लिवलंय, मंग मला बी दावा की. दौंडच्या डाक्टरांनी तर हलवू नका म्हणून सांगितल्यालं. पर तिनं कवा काय मागितलं न्हवतं गं. उचलली. पोतं बी जड लागतं, ती न्हाई लागली. शेवग्याखाली बाज टाकली आन् ठिवली उन्हात. म्हणली, पाठ शेकू द्या वाईच. समोर कांदा पडल्याला, तिकडं बघून म्हणली, वाळला का? म्या म्हणलं, आजून दोन उन्हं. मंग डोळं मिटून पडली. झोपली वाटलं मला. तोंडावर ऊन आलं म्हणून गोधडी आडवी धरली, तवा ध्येनात आलं."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले.

"आधी आत नेऊन निजवली आन् मंग हाळी दिली. लोक म्हणलं असतं, आजारी बाईला उन्हात टाकून मारली. तुला बी सांगितलं न्हाई. तू कारखान्यातनं आली तीच रागात आली व्हती."

चार वर्षं मी ज्या गोष्टीसाठी झुरले ती घडलीच नव्हती. माझी आई अंधारात गेली नव्हती. मार्चच्या कोवळ्या उन्हात, पाठ शेकत, स्वतःच्या कांद्याकडे बघत गेली होती. मी बांधावर बसून रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. डॉक्टरांचं न ऐकणाऱ्या त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं. धरले नाहीत, कारण त्यांनी लाथ मारली असती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. गोष्टीतला पाऊस मी कुठून कुठून वाचलेल्यातून उचलून आणला, आणि खरं ऊन चार वर्षं घरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. वाटत होतं की मनात जे असेल तेच आभाळात दाखवलं की झालं. पण आभाळ कुणाच्या मनासारखं वागत नाही. ते आपलं असतं, आणि माणूस त्यात काय करतो ते आपण लिहायचं. पाऊस लिहिला तेव्हा माझी गोष्ट मरणाची झाली होती. ऊन आल्याबरोबर ती एका मागणीची आणि ती पुरी करणाऱ्याची गोष्ट झाली. माणसं तीच, मरण तेच, फक्त बाज चार पावलं बाहेर आली होती.

"आबा, हे लिहू का?" मी विचारलं. त्यात जोखीम होती. भावकी वाचते. लपवलेलं उघडं पडलं असतं आणि बोल आबांना लागला असता.

ते पातीवर हात फिरवत म्हणाले, "लिही. आन् मला आधी वाचून दाव. मंग बघू."

आठवडाभर मी लिहिलं. लिहून झाल्यावर जॉबसारखं चार तास बाजूला ठेवलं आणि मग हात लावला. विजा काढल्या, अंधार काढला, लाईट परत आणली. आतली खोली ठेवली, कारण बाहेरच्या उन्हाची किंमत तिच्यामुळं कळते. पुढच्या गुरुवारी अंगणात, शेवग्याखालीच, आबांना वाचून दाखवलं. संपादकबाईंचे दहा दिवस संपायला दोन दिवस उरले होते.

आबा डोळे मिटून ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "शेवग्याला फुलं नव्हती. शेंगा व्हत्या." मी ओळ सुधारली. शेवटचा परिच्छेद संपला. मी कागद सारखे करून मांडीवर ठेवले. नको म्हणाले असते तर मी तिथल्या तिथं कागद फाडले असते, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नसतं. आई मला परत मिळालीच होती.

शेवटी आबांनी डोळे उघडले. "व्हय," म्हणाले. "ही तीच हाय."

"लोक बोलतील, आबा."

"बोलू दे. ऊन चांगलं व्हतं, ते बी वाचत्याल ना?"

संध्याकाळच्या गाडीनं मी शिक्रापूरला परतले. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. गेटवर रांगेत उभी होते, मोबाईल लॉकरमध्ये टाकणार तेवढ्यात तो वाजला. आबा. आबा कधी आपण होऊन फोन करत नाहीत, बॅलन्स जातो म्हणतात. मी घाईनं फोन उचलला.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई. हिकडं धुई पडलीया. समोरचा शेवगा बी दिसंना." मग ते म्हणाले, "तू दिवसभर कोंडल्याली असती ना त्या खोलीत. म्हणलं, सांगावं."

मागचा माणूस पुढे सरका म्हणत होता. मी आबांना म्हटलं, "उद्या पण सांगा."