तळाच्या दोन ओळी

माझ्या ताईच्या नवऱ्याला एका जागी बसलेलं पाहायचं असेल, तर तो लिफ्टमध्ये अडकायला हवा. तेही जमणार नाही, कारण भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. अडकले तरी पाचव्या मिनिटाला वरून छताचं झाकण सरकवून बाहेर पडतील. घरी जेवायला बसले तरी डावा पाय टेबलाखाली हलत असतो. वाट्या खुळखुळतात, पाण्यात वर्तुळं उठतात, आणि ताई न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते. हात काढला की पाय पुन्हा सुरू.

त्यांची मुलगी ठकू हुबेहूब तशीच. तिचं कागदोपत्री चांगलं भारदस्त नाव आहे, पण घरात कुणी ते वापरल्याचं मला आठवत नाही. ती शाळेत असताना भावोजींनी एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. अंगातच कीबोर्ड असलेला, टीव्हीला जोडायचा. त्याचे खेळ कॅसेटवर यायचे. टेप चालू केली की कर्णकर्कश चिरचिर करत खेळ आत चढायचा, आणि त्या वेळात टेबलाला धक्का लागून वायर जराशी हलली, तरी सगळं फसायचं. पुन्हा पहिल्यापासून. एका टेबलाला हे दोघं पायहलवे म्हणजे खेळ चढायची आशाच नको! म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. टेप सुरू झाली की बापाने मुलीचा गुडघा दाबून धरायचा आणि मुलीने बापाचा. दोघं श्वास रोखून तसेच बसायचे. मला ते बघून हसू आवरायचं नाही.

पुढे ठकू मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि एक दिवस ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. जावई सालस. दारू नाही, मारझोड नाही, आवाज चढवणं नाही. ती म्हणाली, "मला तिथे रोज थोडं थोडं नाहीसं झाल्यासारखं वाटतं." भावोजींनी येरझाऱ्या घालत बोटांवर हिशेब मांडला. माणूस चांगला, घर चांगलं, सासू कशात नसते. "सगळं बरोबर आहे," ते म्हणाले, "मग चुकतेयस तूच." ठकूने पायात चपला सरकवल्या आणि ती गेली ती दुसऱ्या शहरात. त्यानंतर ती फोन करायची तो ताईला. चुकून भावोजींनी उचलला, तर एवढंच म्हणायची, "आईला दे."

भावोजी फोन ताईच्या हातात द्यायचे आणि पाना घेऊन घरातलं एखादं चांगलं चालणारं दार दुरुस्त करायला घ्यायचे. मला त्यांचा राग यायचा. माणसाला तोंड दिलंय ते काय फक्त जेवायला? पण बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ मधल्या मजल्यावर अडकते आणि तिथे ते कुणाला पाठवणार?

मी चष्म्याच्या दुकानांना फ्रेम पुरवते, त्यामुळे ठकूच्या शहरात माझं जाणं-येणं असतं. एकदा तिच्या खोलीवर गेले, तर कपाटावर तो जुना कॉम्प्युटर दिसला. धूळ पुसून ठेवलेला. नवऱ्याच्या घरातून निघताना तिने एक सुटकेस आणि हे मशीन एवढंच उचललं होतं. मशीनबरोबरचा टेपरेकॉर्डरही शेजारीच होता. मी परत येऊन भावोजींना सांगितलं. त्यांचा पाय थांबला.

दुसऱ्याच रविवारी ते जुन्या बाजारात गेले आणि त्याच जातीचं एक मेलेलं मशीन घेऊन आले. त्याच्या कीबोर्डातली पट्टी फाटली होती, ती बदलून त्यांनी ते जिवंत केलं. मग त्यांच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. खेळ लिहायचा. ठकूसाठी. चौकोनांची जाळी असते, प्रत्येक आडव्या ओळीपुढे आणि उभ्या रांगेवर आकडे असतात. त्या ओळीत सलग किती चौकोन काळे करायचे, ते आकडा सांगतो. आकड्यांची आडवी-उभी सांगड घालत, विचार करत एकेक चौकोन काळा करायचा, की हळूहळू आतलं चित्र दिसायला लागतं. शेवटी बटण दाबलं की मशीन तपासतं.

"अहो, सरळ फोन करा ना," ताई म्हणाली.

"करतोच आहे," भावोजी स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले.

आपली अक्षरं त्या मशीनला येत नव्हती. भावोजींनी तीही चौकोन भरून स्वतः काढली. एक शब्द 'बरोबर', एक शब्द 'चूक'. 'चूक' आला की लाल पट्टा लुकलुकायचा आणि लिफ्टचं दार अडलं की होतो तसला भसाडा आवाज यायचा. त्यावर भावोजी भलतेच खूश होते. मग चित्रं. किटली, पाना, ताईचा चष्मा, लिफ्टचा पाळणा. मशीनची स्मरणशक्ती इवलीशी. एक चित्र वाढवलं की दुसरीकडे काहीतरी कापावं लागायचं. कामावरून आले की हातही न धुता बसायचे, उठायचे, गॅलरीत जायचे, पुन्हा बसायचे. ताई वैतागून माझ्या घरी येऊन चहा प्यायची.

शेवटचं चित्र एका मुलीचं होतं. दोन वेण्या, घेरदार झगा, एका पायावर उड्या मारत चाललेली. ठकू लहानपणी घरभर अशीच फिरायची. झग्याखाली पाय काढायला जागा नव्हती, म्हणून एक ओळ मोकळी सोडून तळाच्या दोन ओळींत नुसती पावलं होती. वरच्या ओळीत उचललेलं पाऊल, खालच्या ओळीत टेकलेलं. एकेक चौकोन.

कॅसेट माझ्या पर्समध्ये घालताना भावोजींनी ती रुमालात गुंडाळली. "तिला काही सांगू नकोस," म्हणाले. "नुसती दे." तिने ही परत पाठवली असती, तर त्यांच्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

ठकूने परत केली नाही. कॅसेट उलटसुलट करून बघितली, "हं," म्हणाली आणि मशीन कपाटावरून खाली काढून टीव्हीला जोडलं. मी तिथेच दिवसभर होते. किटली आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. चष्मा आला तेव्हा ती फस्सकन हसली. वेण्या दिसायला लागल्या तशी ती खुर्ची पुढे ओढून बसली, आणि झगा पुरा झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, ही मी आहे." डोळे भरले होते तिचे. माझेही. तिने तळाचे दोन चौकोन भरले आणि बटण दाबलं.

लाल पट्टा, भसाडा आवाज. चूक.

तिने एकेक ओळ मोजली. मग मला मोजायला लावली. सगळे आकडे जुळत होते. तिने पुन्हा बटण दाबलं. चूक. मग तिने फोन उचलला आणि इतक्या काळानंतर पहिल्यांदा, आईला न मागता बोलली. "बाबा, ही शेवटची जाळी चुकलीय तुझी. माझे आकडे सगळे बरोबर आहेत."

मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन गोड शब्द बोलेल. आणि भावोजी म्हणाले, "मी तपासलंय. पुन्हा बघ, तूच चुकली असशील."

ठकूने फोन ठेवला. मशीनची वायर उपटली, ते उचलून कपाटावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला भावोजींचा गळा धरावासा वाटत होता.

तोच बेत करून मी परतले, पण त्यांच्या दारात पाऊल टाकलं आणि माझा राग निवला. दाढी वाढलेली, समोर कागदावर तीच जाळी. "तिचं बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी मला दाखवलं. तळाच्या दोन्ही ओळींचा आकडा एकच होता, एक. पावलांच्या दोन्ही उभ्या रांगांचा शेवटचा आकडाही एक. डावं पाऊल उचला की उजवं, आकड्यांना काही फरक पडत नव्हता. त्यांनी डावं उचललं होतं, तिने उजवं. आणि मशीन आकडे तपासतच नव्हतं. ते नुसतं भावोजींच्या चित्राशी ताडून बघत होतं.

"मग चित्र बदला," ताई म्हणाली. "दुसरं पाऊल काढूनच टाका, म्हणजे भानगड मिटली."

"चित्र बदललं तर तिचं उत्तर चूकच राहील ना," भावोजी म्हणाले. मग ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "ती घर सोडून आली, त्या दिवशीही मी माझंच चित्र धरून बसलो होतो गं. तिचे आकडे मी बघितलेच नाहीत." ताईने तोंडाला पदर लावला आणि आत गेली.

मशीनला आकडे मोजायला शिकवणं सोपं नव्हतं. त्याला जागा लागत होती आणि जागा तर शिल्लकच नव्हती. भावोजींनी सुरुवातीची धून काढली, पुरेना. एक दिवस मला म्हणाले, "झालं बसवून." काय काढलंत विचारलं, तर पाना शोधायला उठले. यावेळी कॅसेटही त्यांनी माझ्याकडे दिली नाही. माझ्याबरोबर स्वतः निघाले, आणि सबंध प्रवासात पुढच्या सीटवरच्या माणसाने निदान चारदा मागे वळून त्यांच्या पायाकडे बघितलं.

ठकूने दार उघडलं. आत या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. भावोजींनी कॅसेट पुढे केली. "तुझं उत्तर बरोबर होतं," ते म्हणाले. "मशीन चुकलं होतं. म्हणजे, मी."

तिने कपाटावरून मशीन काढून जोडलं. टेप सुरू झाली, चिरचिर सुरू झाली. भावोजींचा पाय हलला, टेबल हललं, खेळ फसला. त्यांनी ओशाळून टेप मागे नेली. पुन्हा सुरू केली. यावेळी दोघांचेही पाय हलत होते. मग ठकूने स्क्रीनकडेच बघत हात लांब केला आणि बापाचा गुडघा दाबून धरला. भावोजींनी जरा थांबून, भीतभीत, तिचा धरला. खेळ चढला.

उजवं पाऊल उचललेली मुलगी तिने पुन्हा भरली. मशीन म्हणालं, बरोबर. ठकूला तेवढ्याने चैन पडेना. तिने मुद्दाम झग्याबाहेर एक भलताच चौकोन काळा केला, खांदे आकसून बटण दाबलं आणि तो आवाज यायची वाट बघत राहिली. काही झालं नाही. नुसता चौकोन लुकलुकत राहिला.

"चूक कुठे गेली?" तिने विचारलं.

"जागा नव्हती," भावोजी म्हणाले. "तो शब्दच काढून टाकला."

"मग आता चुकलं तर मशीन काय करतं?"

"काही नाही. थांबतं."

ठकू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी आवाज काढून रडली. भावोजी तिच्या पाठीवर थापटत राहिले, आणि टेबलाखाली पाय पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताईचा. ठकूनेच उचलला. "आई, बाबा आज नाही येत," ती नाक पुसत म्हणाली. "नाही गं, भांडत नाहीये. खेळतोय."