मंत्र्याच्या पत्रांचा पोपट

अठराव्या शतकातली गोष्ट. एका मंत्र्याच्या घरी एक कारकून होता. मंत्री परक्या दरबारांत तह जुळवत फिरे आणि बायकोला लिहायचं पत्रसुद्धा आकड्यांत लिही. शत्रू वाटेत पत्रं फोडतो, म्हणून तोफेला एक आकडा, तहाला दुसरा. ते आकडे उलगडून बाईसाहेबांना वाचून दाखवणं आणि त्यांचं उत्तर आकड्यांत बसवणं, हे कारकुनाचं काम. आकड्यांची वही घराबाहेर न्यायची नाही असा हुकूम होता. वही त्याला तोंडपाठ झाली, तेव्हा तो हुकूम त्यालाही लागू झाला. स्वयंपाकघरातली माणसं त्याला पोपट म्हणत.

वही दरबारासाठी केलेली. तीत वेढा, रसद, माघार असले शब्द होते, 'आठवण' नव्हता. मंत्र्याने 'रसद संपत आली' असं लिहिलं की ते गव्हाबद्दल आहे की बाईसाहेबांबद्दल, हे पोपटाने ठरवायचं. तो घसा खाकरून, भिंतीकडे बघत सांगे, "साहेबांना तुमची फार आठवण येते."

"आठवण येते, माझं डोंबल! मग यायला काय झालं? सांगा त्यांना, इथे छप्पर गळतंय आणि हे जगाची भांडणं सोडवत बसलेत."

पोपट आकड्यांत लिही : किल्ल्याची डागडुजी बाकी. आपण आल्यास उत्तम.

अशा रीतीने त्या नवराबायकोत कधी वाजलं नाही. सगळी बोलणी पोपटाने खाल्ली. त्याची स्वतःची बायको दूरच्या गावी होती. मुलगी रांगत असताना तो निघाला होता. घरी तो एवढंच लिही, "मी खुशाल आहे. तुम्हीही खुशाल असाल." दिवसभर दुसऱ्याचा संसार बोलून झाल्यावर आपल्यासाठी काही उरत नसे. लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

शेवटी एकदाचा तह झाला आणि मंत्री घरी आला. पोपटाने पेटी भरली. दुसऱ्या दिवशी जेवताना मंत्री त्याला म्हणाला, "बाईसाहेबांना विचारा, खिडकी लावली तर चालेल का."

बाईसाहेब समोरच बसल्या होत्या. पोपटाने विचारलं.

"सांगा, चालेल," त्या पोपटाला म्हणाल्या.

पेटी भरलेलीच राहिली. रजा मागितली की मंत्री म्हणे, "पाहू." या शब्दाचा दरबारी अर्थ पोपटानेच कितीदा तरी उलगडून दिला होता.

एका दुपारी मंत्री म्हणाला, "बाईसाहेबांना सांगा, कारकुनाच्या रजेचं पुढच्या वर्षी पाहू."

पोपटाने ते इमानाने सांगितलं. बाईसाहेबांनी हातातलं शिवण खाली ठेवलं आणि त्या थेट नवऱ्याकडे वळल्या. "अहो, मग याच्या बायकोशी कोण बोलतं?"

मंत्र्याने सवयीने पोपटाकडे पाहिलं. पोपटाने सवयीने ते वाक्य गुळगुळीत करायला तोंड उघडलं. "बाईसाहेबांचं म्हणणं असं की..." आणि त्याला रडूच कोसळलं.

मंत्री अवघडला. "पाठवू या का याला?" त्याने बायकोला विचारलं.

"आजच," त्या म्हणाल्या.

घरी गेल्यावर काय बोलायचं, ते पोपट वाटभर घोकत होता. दार एका उंच मुलीने उघडलं. नाक थेट त्याच्या आईचं होतं, त्यावरून त्याने तिला ओळखलं. तिने त्याला ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"आई, कोणीतरी आलंय गं," ती आत बघून ओरडली.

आत भांडी वाजत होती. "काय म्हणतायत, विचार," बायकोचा आवाज आला. तो आवाज मात्र होता तसाच होता.

मुलगी त्याच्याकडे वळली. "काय सांगू?"

"आईला सांग..." तो म्हणाला. घोकलेलं सगळं पळालं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने एका दमात सांगितलं असतं.

मुलगी चौकटीला टेकून थांबली.