उघाडीची फळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच बहुतेक जमतंय.

आमची शेतं खाडीला लागून. मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. ओहोटीला फळी काढून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती चढायच्या आत फळी परत लावायची. घराघराची पाळी ठरलेली. पाळी चुकली असं आमच्या गावात सहसा होत नाही. का होईल? एक भरती आत शिरली की दोन-तीन वर्षं भात विसरायचं.

मग ती योजना आली. ज्या शेतात भरतीचं पाणी येतं तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं राखा, अनुदान घ्या. चांगली योजना आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. माझं शेत अगदी कडेचं, निम्मं खारावलेलं, भात जेमतेम घरापुरतं. पण पाहणीला आलेले साहेब म्हणाले, भरती आत येत नाही, तुमचं बसणार नाही. मला फार राग आला होता. साहेबांचा, शेताचा, सगळ्याचाच.

माझ्या शेजारचं शेत दामूकाकांचं. त्यांचं भात तेव्हा पोटरीला आलं होतं. काका सत्तरीचे, पण हाताला पक्के.

अमावास्येचं उधाण होतं, भर दुपारचं. पाळी काकांची. ते घरी जेवायला गेले आणि मी फळी काढली. एवढंच. दोन मिनिटांचं काम — किती सोपं असतं, नाही? पाणी माझ्या शेतात येणार होतं. ते दोन शेतांमधल्या मेरेवर थांबत नाही हे मला माहीत नव्हतं? लहानपणापासून माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही शेतं खाडी झाली होती. पाण्याच्या ओढीने उघाडीही ढासळली.

देवळासमोर गाव जमलं. काका सगळ्यांना सोडून माझ्याकडे आले.

"तू व्हतास ना रं बांधावर? मी फळी लावली व्हती ना?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, काका."

ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय लावली आसंन. वय झाला आता." गावाने पाळीच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. वर मीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला — होतं काका, कुणाचंही होतं. फळी काढली त्यापेक्षा मला हा हात जास्त आठवतो.

पुढे काकांचा स्वतःवरचा विश्वासच गेला. दाराला कडी घातली की नाही ते चार-चारदा उठून बघायचे. त्यांची सून नागावला पर्यटकांच्या घरगुती हॉटेलात स्वयंपाकाला जाऊ लागली. गेल्या शिमग्यानंतर काका गेले. खांदा द्यायला मी होतो.

ढासळलेली उघाडी गावाने मागे सरकवून बांधली, आमची दोन शेतं बाहेर खाडीत राहिली आणि माझं योजनेत बसलं. माझं अनुदान वेळेवर येतं. तिवरं कमरेएवढी झालीत, बगळे बसतात. बांधावर पाटी आहे, तिच्यावर संवर्धक म्हणून माझं नाव आहे. लोक फोटो काढतात.

काकांनी फळी लावली होती. खाचेत ठोकून बसवली होती, फटीत चिखल लिंपला होता आणि हात खाडीत धुऊन ते घरी गेले होते. मी दहा पावलांवर उभा होतो.