जत्रेच्या गोळ्या

मनुबाईनं कडोलीकडच्या गावात तीस वर्षं बाळंतपणं केली. नाळ, वार, रक्त, कशाची तिला कधी किळस आली नाही. किळस आली ती १९८३ साली, बेळगावच्या दवाखान्यात, शेजारच्या घरातल्या यशोदेच्या खाटेशी उभी असताना.

बारा वर्षांनी गावात महालक्ष्मीची जत्रा भरली होती. अकरा दिवस पाहुणे, ओट्या, नैवेद्य. त्यात सून 'बाहेरची' झाली तर चुलीपुढं बसायचं कुणी? म्हणून गल्लीतल्या सासवांनी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागवल्या. आणून दिल्या मनुबाईनंच. जत्रा उठली आणि यशोदेचा डावा पाय मांडीपर्यंत भोपळ्यासारखा सुजला. शिरेत रक्ताची गुठळी झालीय, असं डॉक्टर म्हणाले.

मग एक डॉक्टरीणबाई छापील फॉर्म घेऊन आली. तरण्या बायकांना अशा गुठळ्या का होतात, याचा ती शोध घेत होती.

"पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होती?"

"आमच्या घरात असलं नसतंय!" यशोदेची सासू बाळाबाई तडकली. "लगीन हून दोन वरसं झाली, कूस उजवली न्हाय अजून. गोळ्या कशाला घील?"

डॉक्टरीणबाईनं 'नाही'वर खूण केली.

ओकारीआधी येतं तसं मनुबाईच्या तोंडात पाणी आलं. "आक्का, आन् जत्रंतल्या गोळ्या?"

"त्या देवीसाठी हुत्या. गप ऱ्हा."

"आईला लेकीचा विटाळ हुतोय व्हय गं? देवीचं नाव फुडं करतीस! विटाळ तुला न् मला. डॉक्टरीणबाई, जत्रंच्या आधीपास्नं वीस दिवस गिळल्यात तिनं."

"त्याला यात रकाना नाही."

"पाय सुजायला रकाना लागला न्हाय."

डॉक्टरीणबाईनं तेव्हा पहिल्यांदा यशोदेकडं पाहिलं. "घेतल्यास का गं?"

"व्हय," यशोदा म्हणाली. "पर मला कुणी इचारलंच न्हाय."

डॉक्टरीणबाईनं 'नाही' खोडलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. "कुणी दिल्या?"

"मी. माझं नाव ल्ह्या."

"आणखी कुणाकुणाला?"

"मने, गल्लीची अब्रू काढतीस काय?" बाळाबाई ओरडली.

मनुबाईनं मनातल्या मनात देवीला हात जोडले. स्वतःच्याच हातांची तिला घाण वाटत होती.

"पयलं घर माझंच. सुनंचं नाव पारू. तिचा पाय अजून बरा हाय, पर आजच्या आज येऊन बघा. मग फुडची घरं सांगतो."